चाकं काळी कर

सोमेशनं गाडी माझ्या टेबलावर उलटी ठेवली आणि म्हणाला, "चाकं काळी कर."

"काळी? ऑरेंजला काय झालं?"

"बोअर झालं."

गाडी म्हणजे खरी न्हाय. तळहातात मावणारी, धातूची, रेसच्या गाडीचं मॉडेल. पांढरी बॉडी, दारावर नंबर, डिक्कीवर स्पॉयलर. मी असली मॉडेलं उघडतो, चाकं काढतो, रंगवतो, परत बसवतो. कुणी शिकवलेलं न्हाय. मोबाईलवर व्हिडिओ बघून आणि स्वतःच्याच चार गाड्यांची वाट लावून शिकलो. जळकोटात हायवेच्या कडेला आमचं पत्र्याचं घर हाय, पुढच्या खोलीत माझं टेबल. मोबाईल रिपेअरिंग पण तिथंच. त्याच्यावर घर चालतंय, गाड्यांवर मन. गावातली लोकं म्हणतात, उमादेवीचं पोरगं अजून खेळण्यात खेळतंय. म्हणू द्या.

ही चाकं मीच ऑरेंज केलेली. कंपनीतनं आली तवा चांदीच्या रंगाची होती. सोमेशला तयार रंग एक पण पटला न्हाय. मग मी ऑरेंजमध्ये लाल टाकला, वरनं चमकीचा एक थेंब. ते बघून त्यो वेडाच झाला. तेच एक चाक खिशात घालून सोलापूरला गेला आणि पेंटरला दाखवून खऱ्या गाडीची चाकं पण तसलीच करून आणली. गाडी पांढरी, दारावर नंबरचं स्टिकर, सगळं मॉडेलसारखं. आणि हे मॉडेल डॅशबोर्डवर डबल टेप लावून चिकटवलेलं. गाडीत गाडी. "शेम टू शेम," म्हणायचा.

सोमेश म्हणजे आण्णासाहेबाचा पोरगा. आण्णासाहेबाचा खडी क्रशर हाय नळदुर्गच्या बाजूला. पोरगा सोलापुरात राहतो, मनात आलं की इकडं येतो. पैशाचा माज हाय, पण मॉडेलाच्या बाबतीत लई हळवा. माझ्याकडं आला की चप्पल बाहेर काढून यायचा. देवळात आल्यासारखा.

"खऱ्या गाडीची पण काळी केली की," त्यो म्हणाला. "आता ही ऑरेंज डॅशबोर्डवर बरी दिसंना. कोण बसलं की विचारतंय."

"काय विचारतंय?"

"हेच. पहिली ऑरेंज होती का म्हणून."

"मग होतीच की. खरं सांगायचं. त्यात काय?"

त्यो हसला न्हाय. टेबलावरचा बारीक स्क्रू ड्रायव्हर उचलून बोटात फिरवत बसला.

"कधी केली काळी?" मी विचारलं.

"लई दिस झाले. पाडव्याच्या आधी."

"पाडव्याला तर तू गाडीला हार घालून फोटो पाठवला होतास मला. ऑरेंज होती."

स्क्रू ड्रायव्हर थांबला.

"मग नंतर केली आसंल. कलाकारा, तू पेंटर हायस का पोलीस?"

"पेंटर."

"मग रंगव. परवा नेतो."

चप्पल घालून गेला. बाहेर गाडी उभी होती, मी दारातनं बघितली. काळी चाकं. दारावरचा नंबर पण काढलेला, तिथला पांढरा रंग बाकीच्यापेक्षा जरा उजळ.

मी आत येऊन बसलो. कामाला हात लाववंना. का ते सांगतो.

पाडवा झाला त्याच आठवड्यात शांतलिंगकाका गेले. आमच्या शेजारचे. मागचं दार उघडलं की त्यांचं अंगण. त्यांचं शेत हायवेच्या पलीकडं. दिस बुडायच्या टायमाला काका पुढं म्हैस घेऊन आणि लक्ष्मम्माकाकू मागं डोक्यावर कडब्याचं ओझं घेऊन येत होते. डिव्हायडर फोडून केलेला कट हाय तिथनं सगळंच गाव ओलांडतं. काकांना गाडीनं उडवलं. म्हैस राहिली, काका राहिले न्हाईत. गाडी थांबली न्हाय.

काकूंनी बघितलं. पण काय बघितलं? डोक्यावर कडब्याचं ओझं असलं की पेंढ्या कपाळावरनं खाली येतात. मान वर करता येत न्हाय. फक्त पायापुढचं दिसतं. ज्यानं वाहिलंय त्याला माहीत. म्हणून काकूंनी गाडी बघितलीच न्हाय, निसती चाकं बघितली. पोलीस विचारायचे नंबर, रंग, छोटी का मोठी. काकू म्हणायच्या, "वरचं म्या बघितलं न्हाय ओ साहेब. चाकं बघितली. शेंदरी होती. मारुतीवानी शेंदरी."

अज्ञात वाहन म्हणून नोंद झाली. दुसरं काय लिहिणार?

आता तुम्ही म्हणाल, गावाला डोकं न्हाय का. शेंदरी चाकाची गाडी या भागात एकच. माझ्या डोक्यात तर त्याच दिवशी आलं, रंग माझाच हाय म्हटल्यावर. मयतीच्या गर्दीत पण दोघा-तिघांनी एकमेकाकडं बघितलेलं मी बघितलं. पण मल्लिनाथ म्हणाला की सोमेशची गाडी हैदराबादला हाय. "मी सोताच सोडून आलोय सर्व्हिसिंगला, आठ दिस झाले." मल्लिनाथ आण्णासाहेबाचा टिपर चालवतो. आणि मल्लिनाथ हा शांतलिंगकाकांचा एकुलता एक पोरगा.

मग कोण काय बोलणार? बाप त्याचा गेलेला. पोरगाच न्हाय म्हणतोय म्हटल्यावर आपण कोण? हायवेवरनं हैदराबादची, पुण्याची, कुठली कुठली गाडी जाते. माझा पण विश्वास बसला. मी खरं सांगतो, मला तो बसवून घ्यायचाच होता.

काकूंचा बसला न्हाय. त्या सांगत राहिल्या. किराणा दुकानात, दळणाला, मठात. शेंदरी चाकं. पोरं चेष्टा करायला लागली. ट्रॅक्टर गेला की, "काकू, बघा बघा, कंच्या रंगाचं?" मल्लिनाथ चिडायचा. त्यानं सोलापूरला नेऊन डोळे तपासून आणले आणि सांगितलं की मोतीबिंदू हाय. संध्याकाळी असलं तांबडं-पिवळं दिसतंय म्हणाला डॉक्टर.

त्याच्यानंतर काकू गप झाल्या. गप म्हणजे लईच गप. भिंतीला हात लावून चालायच्या. परवा माझी आई ताक आणायला गेली तर चुलीवर दूध उतू चाललेलं आणि काकू समोर बसून बघतायत. आई म्हणाली, "अक्का, काढा की!" तर काकू म्हणाल्या, "खरंच चाललंय व्हय? मला वाटलं मलाच दिसूलालंय."

आई घरी येऊन लई रडली. म्हणाली, नवरा गेला त्याच्यापेक्षा हे वाईट.

आता ती गाडी माझ्या टेबलावर उलटी पडलेली.

काय करावं सुचंना तवा माणूस कामच करतो. मी चाकं काढायला घेतली. पहिल्यांदा कंपनीची गाडी उघडायची म्हणजे खालचे रिव्हेट ड्रिलनं फोडावे लागतात. ही मी आधी उघडलेली, रिव्हेटच्या जागी बारीक स्क्रू बसवलेले. दोन स्क्रू काढले, बूड निघालं. दोन्ही ॲक्सल वर आले. एका बाजूचं चाक धरून हळूच पिळून ओढायचं, जोर लावला की ॲक्सल वाकतो. मग रबरी टायर उतरवायचा. उरते ती रिम, शर्टाच्या बटणाएवढी. टूथपिकवर खोचून ठेवायची.

चार टूथपिक थर्माकोलात उभी केली. चार शेंदरी ठिपके.

पुढचं काम म्हणजे जुना रंग काढणं. थिनर चालत न्हाय, रिमचं प्लास्टिक विरघळतं. मी सॅनिटायझर वापरतो, करोनातलं कॅन अजून हाय. झाकणात ओतायचं, रिम बुडवून ठेवायची, रंग सुटतो. मी झाकणात ओतलं पण. एक टूथपिक उचललं.

आणि डोक्यात आलं, जुना रंग काढलाच न्हाय तर? शेंदरी खाली तसाच ठेवून नवा वरनं मारला की झालं. दिसणार न्हाय. पण सोमेशला तसं चालत न्हाय. रंगाचा थर जाड झाला की चाक बॉडीला घासतं, फिरत न्हाय, हे त्याला कळतं. त्याला सगळं बारीक कळतं. म्हणूनच त्यो माझ्याकडं आला. ही गाडी त्यानं फेकून दिली असती तर मला आयुष्यात कळलं नसतं. विहिरीत टाकायची, क्रशरमध्ये टाकायची, पीठ झालं असतं. पण फेकवत न्हाय. आमच्यातल्या कुणालाच फेकवत न्हाय. माणूस उडवून पळून गेला आणि खेळणं टाकवलं न्हाय त्याला.

मी टूथपिक परत खोचलं आणि मल्लिनाथला फोन लावला.

"कुठं हायस?"

"ढाब्यापाशी. जेवूलालाव. का?"

"थांब तिथंच."

ढाबा आमच्या घरापासनं पाच मिनिटावर. मल्लिनाथ टिपरच्या सावलीत बाजेवर बसला होता. टिपर नवाकोरा, पुढं झेंडूचा हार वाळलेला. आमी दोघं एका वर्गात होतो. त्यो दहावीला बसला न्हाय, मी बसून नापास झालो. त्याच्यावरनं अजून एकमेकाला बोलतो.

"बस की रुद्र्या. भजी सांगू का? का आर्टिस्ट लोक तेलकट खात न्हाईत?"

"सोमेश आला होता. मॉडेलची चाकं काळी करायला."

त्यानं भाकरीचा तुकडा तोडला, आमटीत बुडवला, आणि तसाच धरून बसला.

"मग कर. तुझं कामच ते."

"मल्ल्या, गाडी हैदराबादला होती ना?"

"व्हती म्हणलो की."

"पाडव्याचा फोटो हाय माझ्याकडं. क्रशरच्या दारातला. तू मागं उभा हायस, नारळ घेऊन."

तुकडा आमटीत पडला. त्यो बोटं बघत बसला. हायवेवरनं लागोपाठ तीन ट्रक गेले.

मग त्यो हळूच म्हणाला, "अव्वाला सांगू नको." आईला त्यो अव्वा म्हणतो.

मला वाटलं होतं त्यो चिडंल. न्हाईतर म्हणंल, काय बोलूलालास, माझा बाप हाय त्यो. मला तेच पाहिजे होतं खरं. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन चाकं काळी केली असती.

"तुला पहिल्यापासनं माहीत होतं?"

"त्या रात्रीच. आण्णा सोता आला. पाया पडला माझ्या. येवढा माणूस, माझ्या पाया." टिपरकडं मान केली. "ह्यो माझ्या नावावर केलाय. अजून सांगितलं न्हाय कुणाला."

"अन् काका?"

"आप्पा काय परत येतोय का? सोम्यानं काय मुद्दाम उडवलं न्हाय. म्हैस आडवी आली. केस झाली तर काय हुतंय? जामीन हुतोय. वकील त्याचा मोठा. आमी तारखेला उन्हात बसायचं, अन् कामावरनं मी जायचं. तू सांग मला, माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

 

"अन् काकूंचे डोळे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाय. "डोळ्याला काय झालेलं न्हाय. डॉक्टर म्हणला, वयाच्या मानानं चांगले हायत."

"मग मोतीबिंदू..."

"सारखं शेंदरी शेंदरी करायची. आण्णाच्या कानावर जायचं. मी काय करू? रोज थोडं थोडं सांगितलं. तुला भास झाला अव्वा, तुला भास झाला. आता तिला पण तसंच वाटायलंय. वाटू दे. बरं हाय तसं. झोप तरी लागती तिला."

"झोप लागती?"

"पडून तरी असती."

मी उठलो. मागनं त्यो ओरडला, "रुद्र्या! आपल्याला एका गावात राहायचंय!" धमकी होती का विनंती, मला अजून कळलं न्हाय. दोन्ही आसंल.

घरी येऊन झाकणातलं सॅनिटायझर बाहेर फेकलं. टायर चढवले, चाकं ॲक्सलवर दाबली, बूड बसवलं, स्क्रू पिळले. पुढचं एक चाक जरा वाकडं बसलं, परत काढून सरळ केलं. घाई होती तरी ते वाकडं ठेवणं जमलं न्हाय. आई दारात उभी राहून बघत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती पाठीत रट्टा घालंल असं वाटलेलं, आण्णासाहेबाच्या वाटेला जातोस म्हणून. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "चल. मी येते."

दुपारची वेळ. काकू घरात शहाबादी फरशीवर बसून ज्वारी निवडत होत्या. निवडत म्हणजे एक एक दाणा डोळ्यापाशी नेऊन बघत होत्या, खडा हाय का ज्वारी.

"काकू, एक दाखवायचंय."

"मला काय दाखवतोस रे बाबा. मला दिसत न्हाय."

"बघा तरी."

मी सुपाच्या पलीकडं बसलो आणि गाडी फरशीवर ठेवून ढकलली. चांगली पळते ती, चाकं हलकी ठेवलीत मी. काकूंच्या पायापुढनं गेली आणि भिंतीला टेकली.

काकूंनी सूप बाजूला सारलं. उठल्या. कोपऱ्यातली वाकळ घेतली, घडी करून डोक्यावर ठेवली आणि कपाळावर खाली ओढली, अगदी भुवईपर्यंत. एका हातानं ती धरली, कमरेत वाकून उभ्या राहिल्या. आईनं तोंडावर पदर घेतला.

"आता सोड," काकू म्हणाल्या. "तिकडनं सोड. उजवीकडनं. जोरात."

मी सोडली.

"परत."

परत सोडली.

वाकळ डोक्यावरनं घसरून खाली पडली. काकू तिथंच खाली बसल्या, गाडी हातात घेतली. उलटी केली. बोटानं चाक फिरवलं. लहान पोरगी भिंगरीकडं बघती तसं बघत होत्या.

"हेच," म्हणाल्या. "उमा, हेच गं. मला दिसलं होतं."

"व्हय अक्का," आई म्हणाली. "दिसलं होतं तुम्हाला."

"माझे डोळे चांगले हायत?"

"चांगले हायत काकू," मी म्हणलं. "डॉक्टर पण तसंच म्हणला होता."

हे माझ्या तोंडातनं गेलं. मला फक्त गाडीचं सांगायचं होतं. मल्लिनाथचं सांगायचं का न्हाय ते मी ठरवलंच नव्हतं. पण गेलं.

काकूंनी वर बघितलं. "तुला कुणी सांगितलं, डॉक्टर काय म्हणला ते? सोलापूरला तर मी अन् मल्लू दोघंच गेलो होतो. मला बाहेर बसवलं अन् मल्लूच बोलला डॉक्टरसंगं."

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"ही गाडी कुणाची हाय?"

"आण्णासाहेबाच्या सोमेशची. खरी गाडी पण अशीच होती. आता काळी केली चाकं."

"मल्लू तर म्हणला, तसल्या चाकाची गाडीच न्हाय इकडं." एवढं बोलून थांबल्या. सगळं त्यांचं त्यांनीच जोडलं. आमी दोघं नुसते बघत होतो. एकदम काय झालं न्हाय. रडल्या न्हाईत, किंचाळल्या न्हाईत. फक्त तोंड बारीक बारीक होत गेलं, दिव्याची वात खाली करतात तसं.

बाहेर टिपर थांबल्याचा आवाज आला. मल्लिनाथ आत आला. मी घरी गेलोय का इथं आलोय ते बघायलाच आला असणार. दारात उभा राहिला. काकूंच्या हातातली गाडी बघितली, मग मला.

काकूंनी गाडी उचलून त्याच्या समोर धरली.

"मल्लू, ही चाकं कंच्या रंगाची हायत रे?"

खोलीत चांगला उजेड होता. वर पत्र्यात उजेडासाठी काचेची कवडी बसवलेली, त्यातनं ऊन बरोब्बर काकूंच्या हातावर पडलेलं.

मला वाटलं, आता बोलंल. आता रडंल, पाया पडंल काकूंच्या. त्याच्या तोंडाकडं बघून तसंच वाटत होतं. ओठ हलले पण.

"काळी हायत," त्यो म्हणाला. "अव्वा, तुला मोतीबिंदू हाय."

माझी आई "अरे देवा" म्हणाली. मला तिथं बसवंना.

काकूंनी हात खाली घेतला. "बरं," म्हणाल्या. मग उठल्या, हात धुतले. "भाकरी खाल्लास का?"

"खाल्ली ढाब्यावर."

"निम्मीच खाल्ली असशील. बस."

त्याला ताट वाढलं. त्यो बसला आणि जेवला पण. काकू समोर बसून बघत होत्या, प्रत्येक घास. ताट धुऊन पालथं घातलं आणि मग त्याच्यासमोरच, त्यो तिथं नसल्यागत मला म्हणाल्या, "रुद्रेश, सकाळच्याला मला ठाण्यात नेशील का?"

"नेतो."

मल्लिनाथनं मान खाली घातली होती. त्यो रोखंल असं वाटलं. रोखलं न्हाय. टिपर घेऊन गेला.

सकाळी मी, आई आणि काकू वडापच्या जीपनं गेलो. जाताना मी गाडी रुमालात गुंडाळून घेतली आणि पाडव्याचा फोटो मोबाईलवर वर काढून ठेवला. भीती वाटत नव्हती असं म्हणणार न्हाय. आण्णासाहेबाचा एक माणूस सकाळी सकाळीच आमच्या समोरच्या टपरीवर चहा प्यायला बसला होता. ओळख दिली न्हाय त्यानं.

ठाण्यातले हवालदार वयस्कर होते, शांत. मॉडेल बघून पहिल्यांदा हसले. "हे काय, गाडी जप्त करून आणलीस व्हय रे?" मग फोटो बघितला आणि हसायचं थांबले. आतनं साहेबांना बोलावलं. साहेबांनी फोटो बघितला आणि हवालदारांना म्हणाले, सगळं सविस्तर घ्या.

काकू सांगत होत्या, ते लिहीत होते. कडबा, म्हैस, कट, चाकं. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं. "...त्या वेळी सदर वाहनाची चाकं मला शेंदरी रंगाची असल्यासारखी वाटली..."

"तसं न्हाय," काकू म्हणाल्या.

"मग कसं?"

"वाटली न्हाय. दिसली."

हवालदारांनी खोडून दुरुस्त केलं. पुढं वाचलं. गाडी कुणाची, काळी कधी केली, रुद्रेशनं काय दाखवलं. मग पेन खाली ठेवलं.

"मावशी, आता एक सांगा. इतके महिने तुम्ही परत का आला न्हाईत, हे विचारणार कोर्टात. काय लिहू?"

 आईनं त्यांच्या मांडीवर हात ठेवला. मी खिडकीकडं बघत होतो.

"तब्येत बरी नव्हती असं लिहितो," हवालदार म्हणाले. आवाज खाली आणला होता. त्यांना पण काहीतरी कळलं असावं. "चालतं तसं."

"मला पाणी द्या," काकू म्हणाल्या.

पाणी दिलं. त्यांनी सगळा पेला पिला, सावकाश. पदरानं तोंड पुसलं.

"माझ्या पोरानं मला सांगितलं की तुला दिसत न्हाय. त्याला ठावं होतं गाडी कुणाची ते. म्हणून म्या आले न्हाय."

"पोराचं नाव येईल मग यात. त्यालाबी आणावं लागंल. विचार करून सांगा, मावशी. घाई न्हाय."

"मल्लिनाथ शांतलिंग," काकू म्हणाल्या. "लिहा."

त्यांनी लिहिलं. अंगठा घेतला. शाई पुसायला कापूस दिला, तो काकू मुठीत तसाच धरून बाहेर आल्या.

जीप भरायची होती, ड्रायव्हर अजून दोन शिटांची वाट बघत होता. आमी बाभळीखाली उभे होतो.  काकूंनी ऊन किती वर आलंय ते बघितलं, डोळ्यावर हात धरून, चांगलं नीट बघितलं.

"त्याच्या जेवणाची येळ झाली," म्हणाल्या. "आज त्याला कोण वाढंल?"

आणि जीपमध्ये चढून बसल्या.